हद्दकुंपणाचा वाद

घर किंवा प्लॉट विकत घेतल्यावर शेजारच्या मिळकतीशी हद्दीवरून होणारा वाद. भांडण दिसते ते काटेरी तारेचे, ‘वॉल कंपाउंड’चे किंवा मेंदीच्या रांगेचे. नकाशावरची रेषा जमिनीवर नेमकी कुठे उतरते, हा मात्र त्यामागचा खरा प्रश्न असतो.

नागपूर-काटोल रस्त्यावरचे कळमेश्वर हे तालुक्याचे गाव. एमआयडीसी आणि पोलाद कारखान्यामुळे इथे बाहेरून माणसे आली, वावरांचे ले-आउट पडले. आधीच्या पिढ्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडल्या. त्याच जमिनीवर आता तीस बाय पन्नासचे प्लॉट आहेत. वावरात धुरा फूटभर सरकला तर पिकाचे एखादे तास जाते. प्लॉटच्या पन्नास फूट लांबीभर एक फूट रुंदीची पट्टी गेली, तर 1500 चौरस फुटांपैकी 50 गेले, म्हणजे तिसावा हिस्सा. पैसे मोजून घेतलेली जागा असल्याने तो फूट सोडायला कोणी तयार होत नाही.

नव्या मालकाचा भरवसा बहुधा रजिस्ट्रीवर असतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, जागेवर जाऊन फीत लावत नाही. विक्रीपत्रातली चतुःसीमा पुष्कळदा आधीच्या दस्तावरून जशीच्या तशी उतरवलेली असते. सातबारा क्षेत्र आणि धारक सांगतो. आखीव पत्रिका, म्हणजे राज्यात इतरत्र जिला मिळकत पत्रिका म्हणतात ती, मालकी आणि क्षेत्र सांगते. रेषेसाठी भूमि अभिलेख खात्याच्या नकाशाकडेच जावे लागते.

ले-आउटमध्ये आणखी एक मेख असते. मंजूर ले-आउटची मोजणी होऊन कमी-जास्त पत्रक तयार झाले, की प्रत्येक प्लॉट दप्तरात स्वतंत्र होतो. ते झाले नसेल तर अभिलेखात अख्खा खसरा, म्हणजे मूळ भूमापन क्रमांकच, उभा असतो. मोजणीदार त्याची बाहेरची हद्द दाखवू शकतो, आतल्या 14 आणि 15 नंबरच्या प्लॉटमधली नाही. ज्यांचा ले-आउटच मंजूर नाही, अशा भूखंडांना नियमित करण्यासाठी राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी अधिनियम केला. पण नियमितीकरणाच्या कागदाने शेजाऱ्याची तार आपोआप मागे सरकत नाही.

मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयाकडे जातो. डिसेंबर 2024 पासून मोजणीचे नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार राहिले आहेत. लगतधारकांना नोटीस जाते, मोजणीदार जागेवर येतो, पूर्वी साखळी आणि प्लेन टेबल असे तिथे आता उपग्रहाच्या आधाराने चालणारे रोव्हर लावतो, खुणा करून देतो. त्यानंतर मिळणारा हद्द दाखवणारा नकाशा म्हणजे ‘क प्रत’. ती मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. नोटीस मिळूनही शेजारी मुद्दाम गैरहजर राहतो, हा नेहमीचा डाव. त्यामुळे नोटीस पोहोचल्याचा पुरावा क प्रतीइतकाच जपावा लागतो.

हे सारे खरेदीआधी व्हायला हवे, आणि लोक ते भिंत उभी राहिल्यावर करतात. अर्ज करण्याचा हक्क धारकाचा असल्याने बयाणापत्रातच ‘विक्रेत्याने मोजणी करून, खुणा दाखवून ताबा द्यावा’ अशी अट घालणे हा सरळ उपाय आहे. ती अट मान्य करायला खळखळ करणारा विक्रेता बरेच काही न बोलता सांगून जातो.

मोजणीने रेषा कळते, अतिक्रमण निघत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 ही 15 ऑगस्ट 1967 पासून लागू आहे. तिच्या कलम 135 नुसार हद्दीचा वाद जिल्हाधिकारी रीतसर चौकशी करून ठरवतात. कलम 138 नुसार तो निर्णय हद्दीबाबत निर्णायक असतो आणि गैरताबा हटवण्याचा अधिकारही त्यातून येतो. मालकीचाच प्रश्न असेल किंवा पक्की भिंत पाडायची असेल, तर दिवाणी न्यायालय गाठावे लागते. हरियाणा वक्फ बोर्डाच्या 2008 मधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हद्दीच्या वादात स्थानिक आयुक्त नेमून सीमांकन करून घेणे योग्य. त्यामुळे खाजगी अभियंत्याच्या आराखड्यावर विसंबून दावा लढवणे महागात पडू शकते.

वेळेचेही गणित आहे. ताबा बेकायदा हिरावला गेल्यास तो परत मिळवण्याचा संक्षिप्त दावा सहा महिन्यांत करावा लागतो. उलट, शेजाऱ्याचा उघड आणि विरोधी ताबा बारा वर्षे टिकला तर मूळ मालकाचा हक्कच बुडू शकतो. असा ताबेदार स्वतः वादी म्हणूनही उभा राहू शकतो, असे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आधीच्या मालकाने भिडेखातर सोडलेला फूट नव्याच्या गळ्यात पडतो तो असा. उजेड, वारा आणि वहिवाटीच्या वाटेचा हक्क वीस वर्षांच्या अखंड वापराने मिळतो. तो देणारा सुविधाधिकार कायदा मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर भागात, 1882 पासूनच लागू होता. मुंबई इलाख्याला तो 1891 मध्ये मिळाला.

बांधकामात साधी चूक होते ती पायाची. भिंत रेषेवर दिसते, पण तिचा पाया जमिनीखाली शेजाऱ्याकडे फूटभर पसरलेला असतो. भिंत पायासकट आपल्या हद्दीत घ्यावी किंवा सामाईक भिंतीचा लेखी करार करावा. वाद हाणामारीवर आला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 164 खाली कार्यकारी दंडाधिकारी दखल घेतात, मात्र ते प्रत्यक्ष ताबा कोणाचा एवढेच पाहतात.

तडजोडीला लोकअदालत आहे; तिच्या निवाड्यावर अपील नाही. 2007 मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्यांपुढेही गावोगावी हद्दीचे वाद येत राहिले. जानेवारी 2023 च्या ‘सलोखा’ योजनेत एकमेकांच्या नावावरची जमीन बारा वर्षे कसणाऱ्या शेतकऱ्यांना अदलाबदलीसाठी मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये ठेवली गेली. ही सवलत शेतजमिनीपुरतीच आहे. प्लॉटधारकांनी फूटभर पट्टी आपसात बदलून घ्यायची ठरवली, तर अदलाबदलीतल्या जास्त किमतीच्या जागेवर नेहमीचे मुद्रांक शुल्क भरावे लागते.