जी*पॉवर
जी*पॉवर ही संशोधनासाठी लागणाऱ्या नमुन्याचा आकार आधीच ठरवण्यास साहाय्य करणारी विनामूल्य संगणकीय आज्ञावली आहे. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या हाइनरिख हाइने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती उपलब्ध असून विंडोज व मॅकओएस या प्रणालींवर चालते. मूळ आवृत्तीची ओळख करून देणारा लेख १९९६ मध्ये, तर तिसऱ्या आवृत्तीचा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रान्झ फाउल, एडगर एर्डफेल्डर, आल्बेर्ट-गेओर्ग लांग आणि अॅक्सेल बुख्नर हे तिसऱ्या आवृत्तीचे कर्ते होत.

पार्श्वभूमी
प्रत्यक्षात फरक असताना चाचणीने तो ओळखण्याची संभाव्यता म्हणजे सांख्यिकीय शक्ती. मानसशास्त्रातील अनेक प्रकाशित अभ्यासांची शक्ती फारच अपुरी असल्याचे जेकब कोहेन यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले. नमुना तोकडा असल्यास गुणकारी औषधही निरुपयोगी ठरू शकते आणि चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णांचे कष्ट वाया जातात. उलट नमुना अवाजवी मोठा असल्यास कमी प्रतीचा उपचार विनाकारण अधिक लोकांच्या वाट्याला येतो.

कार्यपद्धती
नमुन्याचा आकार, परिणामाचा आकार, सार्थकता पातळी आणि शक्ती ही चार मूल्ये परस्परांशी बांधलेली असतात. तीन ठाऊक असल्यास चौथे काढता येते. उदाहरणार्थ, दोन स्वतंत्र गटांच्या सरासरींची द्विपुच्छ टी-चाचणी करावयाची आहे. परिणामाचा आकार ०.५, सार्थकता पातळी ०.०५ आणि शक्ती ०.८० धरल्यास प्रत्येक गटात ६४, म्हणजे एकूण १२८ व्यक्ती लागतात. परिणाम ०.८ असेल तर ५२ व्यक्ती पुरतात, ०.२ असेल तर मात्र ७८८ लागतात. मध्येच अभ्यास सोडून जाणाऱ्यांचा हिशेब या उत्तरात नसतो. वीस टक्के गळती अपेक्षित असल्यास १२८ ला ०.८ ने भागून १६० व्यक्ती घ्याव्यात. १२८ मध्ये त्याचेच वीस टक्के मिळवले, तर नमुना कमी पडतो.

मर्यादा
परिणामाचा आकार आज्ञावली सांगत नाही. तो पूर्वीच्या संशोधनातून अथवा व्यवहारात अर्थपूर्ण ठरेल अशा किमान फरकावरून अभ्यासकानेच ठरवावयाचा असतो. कोहेन यांचे लहान, मध्यम व मोठा (०.२, ०.५, ०.८) हे संकेत सोयीचे असले, तरी विषयाचा विचार न करता ‘मध्यम’ निवडण्याची प्रथा समर्थनीय नाही. अभ्यास संपल्यावर आढळलेल्याच परिणामावरून शक्ती काढण्याची रीतही संख्याशास्त्रज्ञ सदोष मानतात, कारण ती पी-मूल्याचेच रूपांतर असते व त्यातून नवी माहिती मिळत नाही.