एकसष्टाचे उदाहरण

भास्कराचार्यांनी इ. स. ११५०च्या सुमारास रचलेल्या ‘बीजगणिता’त असा प्रश्न घातला आहे की, कोणत्या पूर्णांकाच्या वर्गाला ६१ने गुणून त्यात १ मिळवला असता येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्गच असते. अशा प्रश्नांना ‘वर्गप्रकृती’ म्हणत. त्यातील ६१ हा गुणक ही ‘प्रकृती’, मिळवायची संख्या हा ‘क्षेप’ आणि शोधायच्या दोन मुळांपैकी लहान ते ‘कनिष्ठ’, मोठे ते ‘ज्येष्ठ’. प्रकृती ६० असती तर ४ आणि ३१, ६२ असती तर ८ आणि ६३ एवढ्यावर भागले असते. ६१ला मात्र सर्वांत लहान कनिष्ठ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९ येते. एकेक संख्या ताडून पाहायची म्हटले, तर सेकंदाला एक या वेगाने अहोरात्र बसूनही सात वर्षे पुरणार नाहीत. तेव्हा हे उत्तर देणाऱ्यापाशी पक्की रीत होती, याला त्या संख्येच्या आकाराहून वेगळा पुरावा नको.

त्या रीतीचा पाया ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८मध्ये घातला. दोन जोड्यांच्या तिरकस गुणाकारातून तिसरी जोडी काढण्याची त्याची युक्ती ‘भावना’ म्हणून ओळखली जाते, आणि तीच फिरून फिरून वापरणाऱ्या पद्धतीला पुढे ‘चक्रवाल’ हे नाव पडले. ८चा वर्ग ६१हून ३ने अधिक असल्याने आरंभी कनिष्ठ १, ज्येष्ठ ८ व क्षेप ३ घेतात. मग ८मध्ये अशी संख्या मिळवायची की बेरजेला ३ने निःशेष भाग जावा आणि त्या संख्येचा वर्ग ६१च्या जवळ राहावा. ती संख्या ७. तिच्यामुळे नवे कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९ व क्षेप उणे ४ मिळतो. क्षेप ४वर आला की चक्र थांबवून भावनेकडेच वळता येते: तिने ३,८०५ व २९,७१८ ही उणे १ क्षेपाची जोडी हाती येते, आणि २९,७१८च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवताच ज्येष्ठ मूळ पुरे होते. एवढे अवाढव्य उत्तर इतक्या थोड्या पायऱ्यांत यावे, यातच या पद्धतीचे खरे कौतुक आहे.

ही पद्धत भास्कराचार्यांच्या आधीची आहे, कारण जयदेव नावाच्या गणितीचे तीवरील श्लोक इ. स. १०७३च्या एका टीकेत उद्धृत आहेत. उदाहरणाची निवड मात्र मुद्दाम केलेली दिसते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात नोंदले आहे, म्हणजे ही विद्या खानदेशात पुढेही शिकवली जात होती.

युरोपात १६५७मध्ये फर्मा याने हाच प्रश्न आव्हान म्हणून मांडला आणि फ्रेनिकल याला फार त्रास नको म्हणून लहान संख्या दिल्याचे सांगत ६१ व १०९ पुढे केल्या. ही थट्टा नेमकी कुठे बोचते हे त्याला ठाऊक होते. चक्र नेहमी थांबतेच याची सिद्धता भास्कराचार्यांनी दिलेली नाही. अशा समीकरणांना उत्तर असतेच, हे लाग्रांजने १७६८च्या सुमारास सिद्ध केले. कोलब्रुकने केलेले ‘बीजगणिता’चे इंग्रजी भाषांतर लंडनला १८१७मध्ये छापले गेले, तेव्हा लाग्रांजच्या निधनाला चार वर्षे झाली होती.