अख्तर हमीद खान : साहेबी सोडून गल्लीत

अख्तर हमीद खान (१९१४-१९९९) मूळचे आग्र्याचे. आयसीएस अधिकारी म्हणून बंगालात होते. १९४३ चा दुष्काळ पाहिला, पुढे नोकरीच सोडली आणि अलीगढजवळच्या खेड्यात कुलूप बनवणाऱ्याच्या हाताखाली मजुरी केली. मग जामिया मिल्लियात शिक्षक, कोमिल्ल्यात प्राचार्य. तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था नावाजल्या. १९६३ ला मॅगसेसे मिळाला.

पण आम्हाला जास्त मोठं वाटतं ते कराचीच्या ओरंगी वस्तीतलं काम. १९८० पासून तिथे गल्लीतल्या लोकांनीच वर्गणी काढून, स्वतः उभं राहून गटारं टाकून घेतली. खानसाहेबांच्या संस्थेने नकाशे, अवजारं, सल्ला दिला. पाइपाला पैसे नाही. घरापासून गल्लीपर्यंतचं लोकांनी करायचं, मोठा नाला मात्र सरकारनेच बांधायचा, अशी वाटणी ठरलेली होती.