कोऱ्या रंगाची भिंत

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या नव्या सदनिकांत हल्ली एक रंग वारंवार भेटतो. धड राखाडी नाही, धड बदामीही नाही. शेडकार्डावर त्याला 'ग्रेज' म्हणतात. आम्हांला रंगापेक्षा तो शब्दच अधिक खुणावतो.

'ग्रे' आणि 'बेज' यांचा तो जोड, असे आज मानले जाते. पण वस्त्रव्यवसायात हा शब्द त्याआधीपासून आहे. फ्रेंच 'ग्रेझ' म्हणजे कच्चे रेशीम. त्यावरून मागावरून उतरलेल्या, न धुतलेल्या, न रंगवलेल्या कापडालाही हेच नाव पडले. मराठीत ते 'कोरे कापड'.

लालबाग-परळच्या गिरण्यांतून असे कापड निघे. ते विणणाऱ्यांच्या चाळीतल्या भिंती मात्र कोऱ्या राहत नसत. चुन्यात नीळ, पुढे डिस्टेंपरचा आकाशी वा पोपटी. अंधाऱ्या खोलीत रंग हा उजेडाचाच एक प्रकार होता. मुंबईतच १९४२ साली स्थापन झालेल्या एशियन पेंट्सचा, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली रेखाटलेला 'गट्टू' हाही त्याच रंगहौसेचा साक्षीदार.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. पुढे गिरण्या एकामागून एक थांबल्या. कोरे कापड शहराच्या नजरेआड गेले आणि त्याचा रंग उपनगरांच्या भिंतींवर सुरुची म्हणून परतला. त्याला 'तटस्थ' म्हणताना आम्ही म्हणूनच अडखळतो. कोरेपणाही कुणाच्या तरी हातांनी विणलेला असतो.