जस्ताच्या बादलीवरची फुले



परवा मुलगा सासूबाईंची जस्ती बादली मोडीत घालायला निघाला. म्हटले, थांब, आधी तिच्यावरची फुले बघ. ती कुणी काढलेली नक्षी नाही. लोखंडी पत्र्यावर वितळलेले जस्त थिजताना बनलेले ते कण आहेत.

मी बी.कॉम., पण वाचून एवढे कळले. ओतीव जस्ताचे कण मोठे असतात आणि आतल्या थरांना सरकायला वाटा थोड्याच. म्हणून थंडपणी हातोडा बसला की ते तडकते. १८०५ मध्ये इंग्लंडात हॉब्सन आणि सिल्व्हेस्टर यांनी दाखवले, की १०० ते १५० अंशांना ते लाटता येते. लाटताना कण बारीक होतात आणि पत्रा वाकू लागतो. २०० च्या पुढे तापवले, की पुन्हा ठिसूळ!

आपल्याकडे उदयपूरजवळच्या जावरला त्याच्या कितीतरी शतके आधी वांग्याच्या आकाराच्या मुशींतून जस्त काढत. तिथे जुनी जैन मंदिरेही आहेत. तांब्यात जस्त मिसळले की पितळ. देवघरातल्या पितळी मूर्तीतही तेच.

सासूबाई अशाच होत्या. कोरड्या हुकमाने अडून बसत, रागावून बोलले तर तुटत. मायेची ऊब मिळाली की वळत. मला हे उशिरा उमगले.

बादली न्हाणीघरातच आहे.