अकिता आणि निष्ठेचे गोत्र

अकिता कुत्र्याविषयीचे एक मत आता इतके रूढ झाले आहे की त्याला पुरावा मागावा असे कुणाला वाटत नाही. त्या मतात तीन विधाने आहेत. पहिले, अकिता ही जपानच्या डोंगरांत हजारो वर्षे जशीच्या तशी टिकलेली प्राचीन जात आहे. दुसरे, ती शुद्ध आहे. तिसरे आणि मुख्य, धन्यावरची निष्ठा तिच्या रक्तातच आहे आणि हाचिको हा त्याचा दाखला. पिल्ले विकणारे हेच सांगतात. २००९ चा रिचर्ड गेअरचा चित्रपट पाहून डोळे पुसणारेही हेच मानतात. माझे म्हणणे असे की यातले पहिले विधान अर्धवट आहे, दुसरे चुकीचे आहे आणि ही दोन्ही खरी धरली तरी तिसरे त्यांतून निघत नाही.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. तो अगदीच पोकळ नाही. २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ८५ जातींच्या कुत्र्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लांडग्याशी अधिक जवळीक दाखवणारा जातींचा एक छोटा गट त्यात वेगळा पडला आणि शिबा व अकिता हे दोघेही त्या गटात होते. जपानमधल्या जोमोन काळातल्या वस्त्यांत माणसाने पुरलेली कुत्री सापडली आहेत. एहिमे प्रांतातल्या कामिकुरोइवा इथली सात हजार वर्षांहून जुनी आहेत. हाचिकोची गोष्टही कल्पित नाही. नोव्हेंबर १९२३ मध्ये अकिता प्रांतातल्या ओदातेजवळ त्याचा जन्म झाला आणि पुढच्या वर्षी तो तोक्योत प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांच्या घरी आला. २१ मे १९२५ रोजी उएनो विद्यापीठातच अचानक वारले. त्यानंतर ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत, जवळजवळ दहा वर्षे, हाचिको त्यांची वाट पाहायला तोक्योच्या शिबुया स्टेशनावर येत राहिला. हे सगळे खरे आहे. वाद आहे तो त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी.

प्राचीनतेचा मुद्दा पाहू. जातींच्या वंशवृक्षात एखादी फांदी बुंध्याजवळ फुटलेली दिसली की ती जात जुनी, असा समज आहे. २०१२ मध्ये ग्रेगर लार्सन आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच गृहीतक तपासले. त्यांना असे दिसले की बुंध्याजवळच्या या जाती वयाने मोठ्या आहेत म्हणून वेगळ्या दिसत नाहीत. एकोणिसाव्या शतकात युरोपात जातींची जी मोठी सरमिसळ झाली, तिच्यापासून त्या तुलनेने दूर राहिल्या म्हणून वेगळ्या दिसतात. म्हणजे हे माप वयाचे नव्हे, अलिप्तपणाचे आहे. शिवाय जोमोन काळातली कुत्री लहान चणीची होती. आजच्या शिबाशी त्यांची तुलना शोभेल, ६७ सेंटीमीटर उंचीच्या अकिता नराशी नाही. पूर्व आशियाई वंशाचा धागा अकितात आहे, तेवढे मान्य. पण धागा जुना म्हणून त्यापासून विणलेले वस्त्रही जुने ठरत नाही.

शुद्धतेच्या विधानाला तर बाहेरच्या टीकाकाराचीही गरज नाही. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेने मान्य केलेल्या अकिताच्या मानकातच या जातीचा इतिहास दिला आहे आणि तोच पुरेसा आहे. जपानी कुत्री मुळात लहान-मध्यम आकाराची होती, मोठी जात नव्हतीच, असे ते मानक सांगते. अकिता भागातले मातागी शिकारी अस्वलाच्या शिकारीला जी कुत्री नेत, तीही मध्यम आकाराचीच. सतराव्या शतकापासून ती झुंजीला लावली जाऊ लागली आणि १८६८ नंतर अधिक थोराड कुत्रा हवा म्हणून तोसा आणि मॅस्टिफ यांच्याशी त्यांचा संकर झाला. देह वाढला, पण उभे कान, वळलेली शेपटी ही मूळ ठेवण हरवत गेली. १९०८ मध्ये झुंजींवर बंदी आली. १९२७ मध्ये ओदातेत अकिता जपण्यासाठी संस्था निघाली. १९३१ मध्ये निवडक नऊ कुत्र्यांना जपान सरकारने ‘नैसर्गिक स्मारक’ असा दर्जा दिला. ज्या जातीत तोवर दोन पिढ्या परदेशी रक्त मिसळत होते, तिला ‘नैसर्गिक’ म्हटले गेले, ही विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही.

पुढचा प्रकार आणखी बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या कपड्यांसाठी कुत्र्यांची कातडी वापरली जाऊ लागली आणि लष्करी कामाचे जर्मन शेफर्ड वगळता बाकीची कुत्री पकडून न्यावीत असे हुकूम सुटले. काही अकितावाल्यांनी वाट काढली: आपल्या कुत्र्यांचा शेफर्डशी संकर केला. युद्ध संपले तेव्हा मूठभर अकिता उरले होते आणि तेही तीन तऱ्हांचे: मातागी वळणाचे, झुंजीच्या वळणाचे आणि शेफर्डच्या वळणाचे. यातले थोराड, शेफर्डची छाप असलेले कुत्रे अमेरिकी सैनिकांना भावले आणि ते बोटीने अमेरिकेत गेले. मायदेशी मात्र ही छाप पुसण्याचे ठरले. मातागी वळणाची कुत्री पुन्हा पुन्हा वापरून परदेशी खुणा पिढ्यान्‌पिढ्या गाळण्यात आल्या. परिणामी आज एकाच मुळाच्या दोन जाती आहेत. अमेरिकन अकिता जाडजूड, काळा मुखवटा चालणारा, नर पन्नास किलोंच्या पुढे सहज जाणारा. जपानी अकिता सडपातळ, कोल्ह्यासारख्या चेहऱ्याचा. त्याला काळा मुखवटा असला तर तो प्रदर्शनातून बाद होतो आणि पांढरा सोडून कोणताही रंग असला तरी गाल, हनुवटी, छाती, पोट आणि शेपटीच्या आतल्या बाजूला फिकट पांढरे केस असावेच लागतात. यातला कोण ‘अस्सल’? दोघेही विसाव्या शतकात माणसाच्या आवडीने घडवलेले आहेत.

या घडवण्याचा एक ढळढळीत पुरावा खुद्द हाचिकोच्या कानात आहे. उतारवयात त्याचा डावा कान लुळा पडला होता. शिबुयाच्या पुतळ्यात तो तसाच वाकलेला आहे. तोक्योच्या उएनो भागातल्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयात त्याचे पेंढा भरलेले शरीर जतन केले आहे. त्यात मात्र दोन्ही कान ताठ उभे आहेत. जिवंत कुत्र्याचा कान पडका होता, आदर्श अकिताचा कान उभा असतो. संग्रहालयात आदर्शाची सरशी झाली. हाचिकोबद्दल आपण ऐकतो त्यातल्या बऱ्याच गोष्टींचे असेच झाले आहे.

आता मुख्य दावा: निष्ठा रक्तात आहे. हा दावा तपासायला आपल्याकडची अन्वय-व्यतिरेकाची जुनी कसोटी पुरते. जिथे अकिता तिथे अशी निष्ठा आणि जिथे अकिता नाही तिथे ती नाही, असे दिसले तर कार्यकारणसंबंध मानता येईल. इटलीत फीदो नावाचा कुत्रा होता. १९४३ मध्ये त्याचा धनी बाँबहल्ल्यात मेला. त्यानंतर १९५८ मध्ये स्वतः मरेपर्यंत फीदो रोज बसथांब्यावर जात राहिला. हा काळ हाचिकोपेक्षाही मोठा आहे आणि फीदो मिश्र रक्ताचा, कोणत्याच जातीचा नव्हता. एडिंबरोचा धन्याच्या थडग्यापाशी राहिलेला बॉबी टेरिअर होता. धर्मराजाच्या मागोमाग हिमालय चढणाऱ्या कुत्र्याची जात महाभारताने सांगितलीच नाही. व्यतिरेक इथेच मोडतो. अन्वयही टिकत नाही: हाचिकोच्या काळात आणि नंतर हजारो अकिता होऊन गेले, स्टेशनावर दहा वर्षे थांबणारा मात्र एकच सांगता येतो. एका उदाहरणावरून जातीचा नियम बांधणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा नव्हे. इथे शीत एका भांड्यातले आणि भात भलत्याच.

मग ही समजूत आली कुठून? तिचा काळ पाहिला की उत्तर मिळते. प्रसिद्धी मिळेपर्यंत स्टेशनवरचे लोक हाचिकोला हुसकावत, मारतही. जपानी कुत्र्यांच्या संवर्धनासाठी १९२८ मध्ये संस्था काढणाऱ्या हिरोकिची साइतो यांनी त्याचे हाल पाहिले आणि १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘आसाही’ दैनिकात त्याची गोष्ट आली. दीड वर्षात, एप्रिल १९३४ मध्ये, पुतळा उभा राहिला. त्या समारंभाला हाचिको स्वतः हजर होता. १९३५ मध्ये तो शाळेच्या नीतिपाठाच्या पुस्तकात, उपकार विसरू नये या धड्यात, जाऊन बसला. मांचुरिया घेऊन झाले होते आणि सम्राटावरच्या निष्ठेचे पाठ देशभर गिरवले जात होते. अमेरिकी इतिहासकार आरन स्केबलंड यांनी साम्राज्य आणि कुत्री यांचा संबंध उलगडताना हाच धागा दाखवला आहे. जपानी रक्त, जपानी निष्ठा आणि जपानी कुत्रा ही त्या दशकाची गरज होती. त्याच राष्ट्राने युद्धाच्या अखेरीस तो पुतळा धातूसाठी वितळवला. आज दिसतो तो १९४८ चा.

इथे एका उथळ खंडनापासूनही सावध राहिले पाहिजे. हाचिकोच्या पोटात शवविच्छेदनात याकितोरीच्या, म्हणजे भाजलेल्या कोंबडीच्या तुकड्यांच्या, चार काड्या सापडल्या. त्यावरून तो धन्यासाठी नव्हे, खाण्यासाठी येत होता असे काही जण मोठ्या चवीने सांगतात. पण काड्यांवरून एवढेच ठरते की त्याला कुणीतरी खायला घातले. ओढ आणि भूक ही दोन्ही एकाच कुत्र्यात नांदू शकतात. हाचिकोची ओढ खोटी ठरवणे हे माझे काम नाही. ती त्याची स्वतःची होती, त्याच्या जातीची नव्हे, एवढेच सांगायचे आहे. २०२२ चा ‘सायन्स’मधला मोठा अभ्यास याला दुजोरा देतो. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वागण्याची माहिती आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासल्यावर, एकेका कुत्र्याच्या स्वभावातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीने समजावून सांगता येतो असे दिसले. नऊ टक्के म्हणजे शून्य नव्हे. पण नऊ टक्क्यांवर कुणाच्या चारित्र्याची हमीही देता येत नाही.

हाच तर्क उलटा चालवला की काय होते तेही आपण पाहिले आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींच्या आयात, पैदास आणि विक्रीवर बंदी घालण्याविषयी राज्यांना परिपत्रक पाठवले. त्या यादीत ‘घातक’ म्हणून अकिता होता. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते रद्द केले. एकाच कुत्र्याला चित्रपटगृहात संत आणि परिपत्रकात गुंड ठरवणारी दोन्ही मते परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचा पाया एकच: जात कळली की स्वभाव कळला.

मग जातीला काहीच अर्थ नाही का? आहे, तो बराचसा शरीराचा आहे आणि तिथे तो जपलाच पाहिजे. खंडनाइतकेच हे मंडनही महत्त्वाचे, कारण निष्ठेच्या भरवशावर अकिता आणणारे नेमके इथे चुकतात. ओदातेच्या बर्फासाठी घडलेला दुहेरी कोट वर्षातून दोनदा पुंजक्या-पुंजक्यांनी गळतो. त्या दिवसांत रोज विंचरण्याला पर्याय नाही आणि उकाडा होतो म्हणून तो भादरणे हा उपाय नव्हे. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि दमट हवेत धापेचा उपयोग कमी होतो. म्हणून मुंबई-गोव्याचा मे महिना त्याला विदर्भाच्या कोरड्या उन्हाइतकाच जड जाऊ शकतो. फिरवणे पहाटे आणि रात्री.

रक्तातही एक खरा, मोजता येणारा वेगळेपणा आहे. अकिता आणि शिबा यांच्यातल्या काही कुत्र्यांच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त असते. नमुना तपासायला उशीर झाला आणि पेशी फुटल्या तर अहवालात पोटॅशियम भलतेच वाढलेले दिसते. डॉक्टरांना हे आधीच सांगितलेले बरे. अशा कुत्र्यांना कांदाही इतरांपेक्षा अधिक बाधतो, त्याने तांबड्या पेशी फुटून पंडुरोग होतो, शिजवलेल्या कांद्यानेही. कांदा-लसणाच्या वाटणाचा रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्याला घालण्याची आपली प्रेमळ सवय अकिताच्या घरात बंद हवी. त्वचेच्या तेलग्रंथी नष्ट करणारा आजार अकितात वरचेवर दिसतो: कोंडा, केस विरळ होणे, कुबट वास. दुसरा त्याहून गंभीर: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते, डोळे लाल होतात, काळे नाक गुलाबी पडू लागते. त्या दिवशीच डॉक्टर गाठावा लागतो, नाही तर दृष्टी जाते. मोजक्या कुत्र्यांतून जात पुन्हा उभी केली की असे आजार टिकून राहायला वाव मिळतो. ‘शुद्धते’ची ही किंमत जाहिरातीत छापली जात नाही. हाचिकोच्या शरीरात डासांमार्फत पसरणारे हृदयातले कृमीही होते. आज त्यासाठी नियमित प्रतिबंधक औषध मिळते.

स्वभावाचे म्हणाल तर शिकारी आणि झुंजार पूर्वजांमुळे काही कल संभवतात: दुसऱ्या कुत्र्याशी, विशेषतः समलिंगी कुत्र्याशी, न पटणे, मांजरामागे धावणे, हुकूम ऐकण्याआधी स्वतः ठरवणे. ते कल आहेत, विधिलिखित नव्हे. पिल्लू तीन आठवड्यांचे असल्यापासून साधारण तीन महिन्यांचे होईपर्यंत त्याला माणसे, मुले, आवाज, जिने आणि दुसरी कुत्री यांची सावकाश ओळख करून देणे, मार न देता शिकवणे आणि मोकळ्या जागी साखळी न सोडणे, यावर पुढचा कुत्रा कसा होईल ते पुष्कळसे ठरते. ज्याला एवढा वेळ आणि थंड खोली देता येत नाही, त्याने अकिता आणू नये. ज्याला ते देता येते त्याने पिल्लाचा विक्रेता हाचिकोची गोष्ट सांगू लागला की त्याला थांबवून आई-बापाच्या डोळ्यांचे, त्वचेचे आणि नितंबाच्या सांध्यांचे तपासणी अहवाल मागावेत. आणि ज्याला केवळ निष्ठाच हवी आहे, त्याला त्यासाठी जपानपर्यंत जाण्याचे कारण नाही.