समलैंगिक स्त्रियांचे मानसिक आधारकार्य, भारतातील

समलैंगिक, उभयलैंगिक आणि रूढ लैंगिक वर्गवारीत न बसणाऱ्या म्हणजेच ‘क्वीअर’ स्त्रियांना भेदभाव, सक्ती व एकाकीपणा ह्यांतून उद्भवणाऱ्या मानसिक क्लेशांच्या प्रसंगी दिले जाणारे साहाय्य. पत्रव्यवहार, दूरध्वनीवरील समुपदेशन, समानानुभवी स्त्रियांचे आधारगट, निवाऱ्याची व कायदेविषयक मदत आणि मानसोपचार हे त्याचे प्रमुख प्रकार होत. भारतात ह्या कार्याचा संघटित आरंभ १९९१ च्या सुमारास झाला. ते रुग्णालयांतून वा विद्यापीठांतून निर्माण झाले नाही. ज्यांना त्याची गरज होती त्या स्त्रियांनीच ते उभे केले आणि वैद्यकव्यवसायाने त्याची खरी दखल सु. पंचवीस वर्षांनी घेतली. हा कालक्रम ध्यानी घेतल्याखेरीज ह्या कार्याचे स्वरूप नीट उमगत नाही.

वैद्यकीय पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य मानसचिकित्सेत समलैंगिकता ही विकृती मानली जात असे. ह्या मतास पहिला मोठा धक्का अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर ह्यांच्या १९५७ मधील संशोधनाने दिला. तीस समलैंगिक व तीस विषमलैंगिक व्यक्तींच्या मानसिक चाचण्यांचे निष्कर्ष तज्ञांना परस्परांपासून वेगळे ओळखता आले नाहीत. मात्र ह्या साठही व्यक्ती पुरुष होत्या. स्त्रियांविषयी तशाच प्रकारचा अभ्यास जून हॉपकिन्स ह्यांनी ब्रिटनमध्ये १९६९ साली प्रसिद्ध केला. त्यात चोवीस समलैंगिक व तितक्याच विषमलैंगिक स्त्रियांच्या व्यक्तिमत्त्वाची तुलना असून मनोविकृतीचा आरोप त्यातून सिद्ध झाला नाही. अमेरिकन मानसचिकित्सक संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकतेस विकारांच्या यादीतून वगळले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तेच केले. तथापि आपला लैंगिक कल स्वतःलाच नकोसा वाटणे हा विकार म्हणून संघटनेच्या वर्गीकरणात शिल्लक राहिला व तो अकराव्या आवृत्तीतच, म्हणजे २०२२ पासून, नाहीसा झाला. मधल्या तीस वर्षांत ह्या पळवाटेचा उपयोग करून ‘पालटविण्याचे’ उपचार अनेक ठिकाणी चालू राहिले. नावडत्या कलाचा संबंध विजेचे सौम्य धक्के अथवा ओकारी आणणारी औषधे ह्यांच्याशी जोडून त्याविषयी तिटकारा निर्माण करणे, ही त्यांतील एक पद्धत होय.

अशा क्लेशांचे मूळ व्यक्तीच्या मनात नसून तिला मिळणाऱ्या वागणुकीत आहे, हा विचार ‘अल्पसंख्याकांचा ताण’ ह्या नावाने पुढे प्रतिष्ठित झाला. त्याचे श्रेय सामान्यतः आयलन मेयर ह्यांच्या १९९५ व २००३ मधील लेखांना दिले जाते. परंतु व्हर्जिनिया ब्रुक्स ह्यांचा ह्याच संज्ञेवर आधारलेला ग्रंथ १९८१ सालीच प्रसिद्ध झाला होता आणि त्याचा विषय समलैंगिक स्त्रिया हाच होता. स्त्रियांवरील काम मागे पडून पुरुषांच्या निमित्ताने ते पुन्हा मांडले जावे, हा प्रकार ह्या क्षेत्रात वारंवार आढळतो. उभयलैंगिक स्त्रियांकडे तर संशोधकांचे लक्ष आणखी उशिरा गेले. पुरुषाशी विवाह होऊ शकतो एवढ्यावरून त्यांची अडचण अडचणच नव्हे, असे मानण्याची प्रवृत्ती घरी व समलैंगिकांच्या गटांतही दिसून येते.

स्त्रियांच्या अडचणीचे वेगळेपण : भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ ही समलैंगिकांपुढील मुख्य अडचण होती, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुरुषांच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. स्त्रियांविरुद्ध ह्या कलमाखाली खटले क्वचितच होत. त्याचा उपयोग मुख्यतः धमकीपुरता होई. स्त्रीच्या बाबतीत निर्णायक सत्ता घराची होती. लग्न ठरविणे, शिक्षण अथवा नोकरी सोडावयास लावणे, दूरध्वनी काढून घेणे, खोलीत कोंडणे, वैदू, मांत्रिक वा मानसोपचारतज्ञाकडे नेणे ही तिची साधने होत. मुलगी घर सोडून गेल्यास ती हरवल्याची किंवा तिच्या मैत्रिणीने तिला पळवून नेल्याची तक्रार नोंदविली जाई आणि पोलीस तिला शोधून पुन्हा घरी पोहोचवीत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत २००३ मध्ये पूर्ण झालेल्या समलैंगिक स्त्रियांवरील हिंसेच्या अभ्यासातही कुटुंब हेच हिंसेचे प्रमुख स्थान असल्याचे दिसून आले. त्यामुळे तिच्या खिन्नतेवर केवळ औषध देणे म्हणजे कुलूप लावलेल्या खोलीत औषध देणे होय.

मध्य प्रदेशात पोलीस दलातील दोन स्त्रियांनी डिसेंबर १९८७ मध्ये परस्परांशी विवाह केल्याची बातमी वृत्तपत्रांतून गाजली. त्यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले. ह्या घटनेने अनेक स्त्रियांना आपल्यासारख्या इतर आहेत हे प्रथमच कळले आणि त्याची किंमत काय पडते हेही कळले. मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांचे मित्राची गोष्ट हे नाटक त्यापूर्वीच, १९८१ मध्ये, आले होते. त्यातील सुमित्रेला आपले मन सांगण्यास महाविद्यालयातील एका मित्राखेरीज कोणी नाही. तो ऐकतो, पण काही करू शकत नाही आणि अखेर ती आत्मघात करते. त्या काळी असे ऐकून घेणारी कोणतीही संस्था महाराष्ट्रात वा इतरत्र नव्हती, हे वास्तव नाटककाराने अचूक टिपले आहे.

टपालपेटी व दूरध्वनी : दिल्ली येथे गीती थदानी ह्यांनी १९९१ मध्ये ‘सखी’ हा गट स्थापन केला. त्याचे मुख्य साधन टपालपेटी हे होते. पत्त्यावर संस्थेचे स्वरूप उघड करणारे काही नसल्याने लहान गावांतील स्त्रियाही पत्र पाठवू शकत. त्याच वर्षी दिल्लीतील ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ ह्या गटाने भारतातील समलैंगिकांच्या स्थितीवरील अहवाल प्रसिद्ध केला. मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा गट निर्माण झाला व २००२ पासून तो ‘लाबिया’ ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. दिल्लीत १९९७ मध्ये नाझ फाउंडेशनच्या आश्रयाने ‘संगिनी’ ही दूरध्वनिसेवा सुरू झाली. कोलकात्यात २० जून १९९९ रोजी सहा स्त्रियांनी ‘सॅफो’ हा आधारगट स्थापिला; त्यातून २००३ मध्ये ‘सॅफो फॉर इक्वॅलिटी’ ही नोंदणीकृत संस्था निघाली व तिने स्वकण्ठे हे नियतकालिक चालविले. ह्या दोन टप्प्यांच्या मध्ये, डिसेंबर १९९८ मध्ये, दीपा मेहता ह्यांच्या फायर ह्या चित्रपटाचे खेळ मुंबई व दिल्ली येथे मोडतोड करून बंद पाडण्यात आले होते. त्याविरुद्धच्या निदर्शनांत समलैंगिक स्त्रिया प्रथमच स्वतःच्या नावाचा फलक घेऊन रस्त्यावर आल्या.

केरळमध्ये कार्याची सुरुवात अधिक दुःखद कारणाने झाली. दोन मैत्रिणींनी एकत्र जीवन संपविल्याच्या बातम्या तेथील वृत्तपत्रांत अधूनमधून येत आणि ‘निराशा’ वा ‘कौटुंबिक कारण’ अशा शब्दांत त्यांची बोळवण होई. २००२ मध्ये स्थापन झालेल्या ‘सहयात्रिका’ ह्या गटाने अशा बातम्या गोळा करून व प्रत्यक्ष गावी जाऊन चौकशी करून त्यामागील सक्तीचे विवाह व ताटातूट उजेडात आणली आणि मल्याळम भाषेतून दूरध्वनिसेवा चालविली. मातृभाषेचा प्रश्न येथे गौण नव्हता. इंग्रजी न जाणणाऱ्या स्त्रीस आपल्या स्थितीचे वर्णन करण्यास शिवीखेरीज शब्दच उपलब्ध नसे. मराठीतही ‘मैत्रीण’ हाच एक सभ्य शब्द होता, आणि तो सर्व काही झाकून टाकणारा होता.

ह्या सेवांची कार्यपद्धती अनुभवातून घडत गेली. आठवड्यातील ठरावीक दिवशी ठरावीक तास दूरध्वनी चालू असे. घरातील दूरध्वनी बैठकीच्या खोलीत असण्याच्या काळात बोलणारी स्त्री बहुधा सार्वजनिक दूरध्वनिकेंद्रातून बोले. बाहेर रांग लागली की संभाषण अर्धवट तुटे. म्हणून पहिल्या काही मिनिटांत सल्ला न देता ती सुरक्षित आहे किंवा नाही, एकटी आहे की कोणी ऐकत आहे, एवढेच विचारण्याची रीत पडली. घर सोडण्याचा विचार असल्यास तिचे वय अठरा पूर्ण आहे का, शाळा सोडल्याचा दाखला व ओळखीची कागदपत्रे तिच्या हाती आहेत का, काही दिवसांपुरते पैसे आहेत का, ह्यांची चौकशी केली जाई. आपण सज्ञान असून स्वेच्छेने जात आहोत, असे निवेदन पोलीस ठाण्यास देण्याचे सुचविले जाई, कारण अपहरणाच्या तक्रारीस तेच पहिले उत्तर असे. वकील व निवारा ह्यांची सोय झाल्यावरच मनाच्या गोष्टी निघत. त्यांत भीतीइतकाच, किंबहुना अधिक, आईवडिलांच्या विरहाचा शोक असे. कार्यकर्त्या बहुतांशी विनावेतन काम करीत व त्यांतील अनेकींनी तेच प्रसंग स्वतः भोगलेले असत. त्यामुळे त्यांच्यावरील मानसिक भारही मोठा होता. ‘लाबिया’ने पन्नास व्यक्तींच्या जीवनकथांवर आधारलेला जो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या परंतु स्वतःस स्त्री न मानणाऱ्या व्यक्तींचाही समावेश असून ‘समलैंगिक स्त्री’ ही संज्ञा सर्वांस पुरेशी नाही हे त्यावरून स्पष्ट झाले.

व्यवसाय व न्यायालये : दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये कलम ३७७ संमतीच्या खाजगी संबंधांना लागू नसल्याचा निर्णय दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो फिरविला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा मान्य केला. मानसिक आरोग्याच्या दृष्टीने मात्र २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम अधिक महत्त्वाचा ठरतो. मे २०१८ पासून अंमलात आलेल्या ह्या अधिनियमात लैंगिक कलावरून सेवेत भेदभाव करण्यास मनाई आहे. समाजात रूढ असलेल्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे हा मनोविकाराचा आधार होऊ शकत नाही, असेही त्यात म्हटले आहे. समलैंगिकता हा विकार नव्हे, असे भारतीय मानसचिकित्सक संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केले. अमेरिकन संघटनेच्या निर्णयानंतर हे घडण्यास पंचेचाळीस वर्षे लागली.

मदुराईच्या दोन तरुणी घर सोडून चेन्नईस आल्या व त्यांच्या पालकांनी त्या हरवल्याच्या तक्रारी केल्या, तेव्हा प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापुढे आले. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश ह्यांनी पालकांना व मुलींना समुपदेशकाकडे पाठविलेच, परंतु आपलेही ह्या विषयाचे ज्ञान अपुरे आहे असे सांगून स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे बैठक घेतली. ‘समज कोणाला द्यावयाची’ ह्या प्रश्नाचे उत्तर एरवी मुलीकडे बोट दाखवून दिले जात असे. येथे ते प्रथमच उलट झाले. ७ जून २०२१ च्या त्यांच्या आदेशाने लैंगिक कल पालटविण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांस मनाई केली, आणि ह्याच प्रकरणाच्या ओघात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. समुपदेशकांच्या प्रशिक्षणाचेही प्रयत्न ह्याच सुमारास वाढले. मुंबईतील मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ह्या संस्थेने २०१९ पासून चालविलेल्या अभ्यासक्रमात शिक्षक स्वतः क्वीअर समूहातील असतात. आधारगटांत साठलेले ज्ञान अशा रीतीने व्यवसायाकडे जाऊ लागले.

डांबून ठेवलेल्या व्यक्तीस न्यायालयापुढे हजर करविण्याचा हेबिअस कॉर्पसचा अर्ज हे जोडीदार स्त्रीच्या हातचे प्रमुख कायदेशीर साधन होय. परंतु न्यायालयेही अनेकदा अशा तरुणीस समुपदेशनासाठी पाठवीत व त्या काळात तिला आईवडिलांच्याच ताब्यात ठेवीत. केरळमधील अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०२४ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. लैंगिक ओळखीवर मात करण्यासाठी समुपदेशनाचा आदेश देऊ नये, व्यक्तीशी घरच्यांच्या गैरहजेरीत बोलावे, अर्जदाराच्या नात्याची चौकशी करीत बसू नये, असे त्यांत सांगितले आहे. त्या विशिष्ट प्रकरणातील तरुणीने आपण स्वेच्छेने पालकांकडे राहतो असे सांगितल्याने न्यायालयाने तिच्या बाबतीत हस्तक्षेप केला नाही. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मात्र घरी अडकवून ठेवलेल्या एका पंचवीस वर्षीय तरुणीस तिच्या जोडीदारासह जाऊ दिले आणि विवाहाखेरीजही कुटुंब निर्माण होऊ शकते असे म्हटले.

विवाहाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात मान्य केला नाही. निवाऱ्याची उणीवही कायम आहे. २०२० पासून सुरू झालेली ‘गरिमा गृहे’ तृतीयपंथी व पारलिंगी व्यक्तींसाठी आहेत. विवाह नसल्याने रुग्णालयात जोडीदारास ‘नातेवाईक’ मानले जात नाही. ह्या बाबतीत २०१७ च्या अधिनियमातील चौदावे कलम उपयुक्त असले, तरी ते फारसे परिचित नाही. त्यानुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही वा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते, आणि हा प्रतिनिधी रक्ताच्या नात्यातीलच असावा अशी अट नाही. असा कागद केलेला नसेल, तर सामान्यतः तो अधिकार नातेवाइकांकडे जातो आणि विशिष्ट परिस्थितीत रुग्णास तिच्या संमतीवाचून दाखल करण्याचा अर्जही त्यांनाच करता येतो.